ज्याला वायर, ते आमचं

लातूरच्या त्या क्लासमध्ये मी नोकरीला लागले, त्या दिवशी कॉम्प्युटर खात्याच्या सरांनी मला आमच्या खात्याची हद्द समजावून सांगितली. कॉम्प्युटर, प्रिंटर, सर्व्हर, नेट, कॅमेरे एवढं मी धरूनच चालले होते. सर म्हणाले, "एवढी यादी कशाला पाठ करायलाव मॅडम? सोपं हाय. ज्याला वायर, ते आमचं." मला वाटलं, माणूस विनोदी आहे. दुपारी मी पाण्याच्या कूलरचं मागचं झाकण उघडून फरशीवर बसले होते आणि सर शेजारी उभं राहून टॉर्च धरत होते. तेव्हा कळलं, की विनोद वगैरे काही नव्हता.

मी मूळची अर्धापूरची. नांदेडला एमसीए केलं. घरी केळीच्या बागा, त्यामुळे वडील येईल त्या व्यापाऱ्याला सांगत, "आमची पोरगी लातूरला कॉम्प्युटरच्या मोठ्या पोस्टवर हाय." मोठ्या पोस्टवर असलेली पोरगी कूलर उघडते, लिफ्टमधला दिवा बदलते आणि संचालकांच्या सासूबाईंच्या टीव्हीवर कीर्तनाचं चॅनल लावून देते, हे मी घरी कधी सांगितलं नाही. वडिलांचं मन कशाला मोडा?

आमचा क्लास मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा. लातुरात असे क्लास किती आहेत हे सांगायला नको. सबंध मराठवाड्यातून पोरं येतात, खोल्या करून राहतात आणि डॉक्टर व्हायच्या नादात वर्ष-दोन वर्षं ऊन बघत नाहीत. त्यांना शिकवायला प्रत्येक विषयाचे वेगळे सर. त्यातही वनस्पतींचे वेगळे, प्राण्यांचे वेगळे. प्राण्यांच्या सरांना झाडाबद्दल विचारलं, तर ते अपमान झाल्यासारखं बघत. आणि या सगळ्या विद्वान मंडळींच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत, आमचं खातं. खातं म्हणजे सर आणि मी.

सर पंचेचाळिशीचे, उदगीरचे. सकाळी येताना कपाळावर भस्माचे तीन स्वच्छ पट्टे असत. दुपारपर्यंत त्यात प्रिंटरची पावडर मिसळून कपाळाला एकच राखाडी रंग यायचा. संचालक आणि शिकवणारी मंडळी त्यांना 'अप्पा' म्हणत, बाकी सगळे 'सर'. उदगीरकडचे असल्याने मधूनच कन्नड यायचं. काम फत्ते झालं की "आयतु!" म्हणायचे, म्हणजे झालं. फोन वाजला की पलीकडचं ऐकून घ्यायच्या आधीच "आलोच" म्हणायचे. एकदा विमा विकणाऱ्या बाईलाही "आलोच" म्हणून ते जिन्यापर्यंत गेले होते. तिथून मला विचारलं, "कुठं जायचं होतं ओ मॅडम?"

यंत्रांशी त्यांची सोयरीक होती. तळमजल्यावरचा जुना प्रिंटर म्हणजे सासरा. "मान दिल्याबिगर कागद घेत न्हाई." बायोमेट्रिकचं यंत्र म्हणजे नणंद, कारण सगळ्यांच्या येण्याजाण्यावर तिचं लक्ष. सर्व्हर हा थोरला दीर, घरात बसून असतो, बोलत नाही, पण तो रुसला की चूल बंद. नवा प्रोजेक्टर आला तेव्हा सरांनी त्याला घरजावई म्हटलं. तो खरंच महिनाभरात काम करेनासा झाला, आणि सरांना आपल्या नाव ठेवण्याचा फार अभिमान वाटला.

सरांची एक भक्ती होती. दवाखान्यांच्या गल्लीतून जाताना ते गाडी हळू करायचे आणि पाट्या वाचायचे. लातुरात त्या गल्लीत पाट्यांची कमी नाही. मेंदूचा वेगळा, मणक्याचा वेगळा, लहान मुलांच्या हृदयाचा वेगळा. सर देवळांसमोरून जावं तसे त्या पाट्यांसमोरून जायचे. मी मागे बसलेली असायची, कारण कसलीतरी केबल आणायला आम्ही निघालेलो असायचो. "बघा मॅडम," ते म्हणायचे, "ह्या मणक्यावाल्याला कुणी म्हणल का, आलाव तर जरा आमच्या म्हशीचं बी बघा? मजाल हाय का कुणाची? एक धरलं की माणूस सुटला."

म्हणून सरांनी एक धरायचं ठरवलं. अडचण एवढीच, की ते दर दोन-तीन महिन्यांनी ठरवायचे.

मी लागले तेव्हा सायबर सुरक्षा चालू होती. ऑनलाइन कोर्सला नाव घातलं त्याच दिवशी त्यांनी सगळ्या क्लासला पेढे वाटले. लोक शिकून झाल्यावर वाटतात, सर नाव घातल्याबरोबर वाटत. दारावर संगणकावर छापलेली पाटी चिकटवली: सायबर सुरक्षा विभाग. तिसऱ्या धड्यात लिफ्ट अडकली. मग क्लाउड आलं, पुन्हा पेढे, जुन्या पाटीवर नवी पाटी. मग डेटा. मग एआय, तेव्हा तर कंदी पेढे. पाटीवर पाटी चढून दाराला चांगला पुठ्ठा आला होता. वनस्पतींचे सर पेढा तोंडात टाकून म्हणायचे, "अप्पांचं काय ठरू द्या बाबा, आपलं तोंड गोड झाल्याशी मतलब." सरही हसायचे. पण तिसऱ्या धड्याच्या पुढे गेलेला कोर्स मी त्यांच्याकडे पाहिला नाही. दुसऱ्या धड्यात हाक यायची, आणि तिसऱ्यात सर कुठल्यातरी टेबलाखाली असायचे.

खंडेनवमी मात्र बघण्यासारखी असायची. शेतकरी नांगर पूजतो, सुतार रंधा पूजतो, तर आपण का मागे राहायचं, म्हणून सर सर्व्हरपासून उंदरापर्यंत, म्हणजे माऊसपर्यंत, सगळ्यांना हळद-कुंकू लावायचे. ज्या हत्याराची पूजा होते त्याला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, हा नियमही ते पाळायला बघायचे. क्लास बंद ठेवणं संचालकांना परवडणारं नव्हतं, त्यामुळे हत्यारं चालायचीच. सर प्रत्येकाची हात जोडून माफी मागत फिरायचे. एका वर्षी त्यांनी भक्तीच्या भरात नणंदेच्या काचेवर, जिथे अंगठा टेकवायचा तिथेच, कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं आणि वर तेलही लावलं. त्या दिवशी सगळा स्टाफ आला, अंगठे टेकवून लालेलाल झाला, आणि नणंदेने एकजात सगळ्यांना गैरहजर धरलं. संचालकांनासुद्धा. महिन्याच्या शेवटी त्यावरून जो गोंधळ झाला, त्यात प्राण्यांच्या सरांनी पहिल्यांदा प्राण्यासारखा आवाज काढला. सर शांतपणे म्हणाले, "देवीनं सुट्टी दिली होती, तुम्हीच आलाव."

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. मीही नेत होते. पण त्यांच्या भाचीच्या लग्नाला उदगीरला गेले आणि माझं हसू जरा आटलं. ऐन अक्षता पडत असताना सर डीजेवाल्याच्या टेबलाखाली होते. आवाज घरघरतोय, हे त्यांना सहन झालं नव्हतं. मामा कुठेय, मामा कुठेय, म्हणून मांडवात शोधाशोध चाललेली, आणि मामांचे फक्त तळपाय दिसत होते. लग्नाच्या एकाही फोटोत ते नाहीत. वहिनी, म्हणजे सरांच्या बायको, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना कुठंतरी एकच काम लावून द्या ओ. कोणतं बी चालंल. माणूस घरी येतोय पण मेलेल्यावानी येतोय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सर एटीएमसमोर उभे राहिले आणि त्यांना स्वतःचा पिन आठवेना. सगळ्या क्लासचे पासवर्ड या माणसाच्या डोक्यात असत. स्वतःचे चार आकडे आठवेनात, म्हणून ते तिथेच पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. वॉचमनने माझा नंबर लावला. मी गेले तर कपाळाचं भस्म घामाने ओघळलेलं. डॉक्टर म्हणाले, बीपी भयंकर आहे, ही धावपळ आता बंद, नाहीतर पुढच्या वेळी पायरीवर बसायलाही सवड मिळणार नाही. सर दवाखान्यातून बाहेर पडताना रिसेप्शनच्या कॉम्प्युटरकडे बघत होते. त्याचा स्क्रीन लुकलुकत होता. मी त्यांना दंड धरून ओढत बाहेर आणलं.

या वेळी मात्र त्यांनी मनावर घेतलं. त्यांचा शाळेतला एक मित्र हैदराबादला मोठ्या कंपनीत होता. तिथे नेटवर्क सुरक्षेची जागा निघणार होती. मित्र म्हणाला, "त्या सर्टिफिकेटची परीक्षा दिवाळीच्या आत पास हो, बाकीचं माझ्याकडं लागलं." एकच काम, एकच खुर्ची, बाकी कशाला हात लावायचा नाही. सरांना हैदराबाद म्हणजे ती दवाखान्यांची गल्लीच वाटायला लागली. पेढे वाटले नाहीत, दारावर पाटी लावली नाही, यावरूनच मी ओळखलं की हे खरं आहे.

मग मी कंबर कसली. कूलर, लिफ्ट, सासूबाई, सगळं अंगावर घेतलं आणि सरांना खोलीत कोंडून अभ्यासाला बसवलं. येणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवायची. क्लासभर माझ्या नावाने बोटं मोडणं चालू झालं. दुपारच्या सुट्टीत सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, खाता खाता मी त्यांना प्रश्न विचारायची आणि सर तोंडातले चुरमुरे गिळायच्या आत उत्तर द्यायचे. माणूस खरोखर हुशार होता. इतकी वर्षं ती हुशारी लिफ्टच्या दिव्यात घालवली, याचा मला रागच आला. पास होणार यात मला शंका उरली नव्हती.

परीक्षा ऑनलाइन होती. सगळ्या लातूरचं नेट दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या घरचं नेट कायम आजारी, म्हणून सर्व्हरच्या खोलीत बसायचं ठरलं. नियम कडक होते. कॅमेरा चालू, माईक चालू, पलीकडे कोणीतरी सतत बघणार. खुर्चीवरून उठायचं नाही, खोलीत कोणी यायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. यातलं काहीही झालं की परीक्षा तिथेच बंद. रविवारची सकाळ होती. सरांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाहीरून कडी घाला मॅडम. मला बी उघडता येऊ नये." मी कडी घातली आणि दारात खुर्ची टाकून बसले.

त्याच सकाळी शेजारच्या हॉलमध्ये पालकांची सभा होती. संचालक बोलत होते. आमच्या क्लासमुळे मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याला डॉक्टर कसा मिळणार आहे, हा त्यांचा ठरलेला विषय. एकेका तालुक्याचं नाव घेत ते हिमायतनगरपर्यंत आले, आणि माईक कुर्रकुर्र करून बंद पडला.

मी उठून हॉलमध्ये गेले. पुढच्या रांगेतल्या कोणा पालकाने मोबाईल चार्ज करायला बोर्डात पिन खुपसली होती आणि त्या खटपटीत माईकची पिन सैल झाली होती. मी ती दाबली. संचालकांचा आवाज एकदम हॉलभर घुमला आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. एक कंधारकडचे बाबा शेजारणीला म्हणाले, "पोरगी हुशार हाय बरं. आली अन् लगेच केलं." मी तिथे जरा उभी राहिले. खरं म्हणजे थांबायचं काही कारण नव्हतं.

बाहेर आले तर सर्व्हरच्या खोलीचं दार आतून दणादण वाजत होतं.

"मॅडम! ओ मॅडम! माईकच्या मिक्सरच्या मागं बघा! मागची पिन! कुणाला तरी सांगा, मागची पिन!"

मी कडी काढली. सर दारात उभे, घामाने भिजलेले. मागे स्क्रीनवर लाल चौकट आली होती आणि परीक्षा बंद झाल्याचं त्यात लिहिलं होतं. अर्ध्याच्या वर पेपर झाला होता. सरांनी त्या चौकटीकडे बघितलंही नाही. ते माझ्या खांद्यावरून हॉलकडे बघत होते.

"चालू झाला?"

"झाला."

"कुणी केला?"

"मी केला, सर."

ते मागे वळले आणि खुर्चीत बसले. आयतु म्हणाले नाहीत.

झालेल्या गोष्टीचं काय करायचं हे आमच्या संचालकांइतकं कोणालाच कळत नाही. पुढच्या रविवारी त्यांनी सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार, आणि पालकांना पुन्हा बोलावणं. "संस्थेचा आवाज बंद पडला," संचालक म्हणाले, "आणि अप्पांनी त्या आवाजासाठी हैदराबादवर पाणी सोडलं! परीक्षा लाथाडली! आजच्या काळात असा त्याग कोण करतो?" टाळ्याच टाळ्या. वनस्पतींच्या सरांनी डोळे पुसले. शिवाय अप्पांना आजपासून विशेष तज्ज्ञ हे पद देण्यात येत आहे, असं जाहीर झालं. कशाचे तज्ज्ञ, ते कोणी विचारलं नाही. पगारही कोणी विचारला नाही, कारण तो वाढलेला नव्हता. सर शाल पांघरून, मान खाली घालून उभे होते. मागे बसलेल्या वहिनी टाळ्या वाजवत नव्हत्या. मीही वाजवल्या नाहीत. मला त्या संचालकाच्या डोक्यात तो नारळ घालावासा वाटत होता, आणि त्याच्यापेक्षा जास्त सरांच्या.

हैदराबादची जागा दुसऱ्या कोणालातरी मिळाली. मित्राने फोनवर बरंच ऐकवलं, तेही बरोबरच होतं.

सत्कारानंतर खोलीत आम्ही दोघंच होतो. सर हाराची फुलं सोडवत बसले होते. मला राहवेना.

"सर, एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला कोणी हाक मारली होती का?"

"न्हाई."

"कोणी दार वाजवलं?"

"न्हाई."

"मग कसला त्याग? कोणी बोलावलंच नव्हतं तुम्हाला. फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंही तुम्हाला..." पुढे मी बरंच बोलले. बीपी काढलं, वहिनी काढल्या, भाचीचं लग्न काढलं, पेढेसुद्धा काढले. त्यांच्या वयाचा मान ठेवला नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणायलाव ते बराबर हाय. पण मी काय सांगतो ते ऐका. माईक बंद पडला ते मला आत कळलं. म्हणलं, आता कुणीतरी पळत येईल. मी काय उठणार नव्हतो. त्यानं यायचं, दार वाजवायचं, अन् मी उठायचं न्हाई, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. लई बरं वाटलं मला. मी वाट बघितली. कुणी आलंच न्हाई." फुलं बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुणी आलंच न्हाई ओ, मॅडम. अन् मग माईक चालू झाला. माझ्याबिगर. त्याच्यानंतर मी दार ठोकलं."

मला गणित जुळेना. "म्हणजे? माईक चालू झाल्यावर? तुम्हाला ऐकू आलं होतं, चालू झालेलं?"

"टाळ्या बी ऐकू आल्या."

सगळ्या मराठवाड्याला डॉक्टर पुरवणाऱ्या त्या इमारतीत त्यांच्या या दुखण्याची पाटी कुठेच नव्हती.

फुलं पुन्हा हातात घेत ते म्हणाले, "तुम्ही हितं ऱ्हाऊ नका. तुम्हाला बी हे लागंल."

"मला काही लागत नाही, सर," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला आठवलं, की पिन दाबून झाल्यावर मी हॉलमध्ये उगाच उभी राहिले होते. ते कंधारचे बाबा अजून काही म्हणतात का, ते ऐकायला.

त्याच महिन्यात मी राजीनामा दिला. आता नांदेडला एका कंपनीत फक्त बॅकअप बघते, दुसऱ्या कशाला हात लावत नाही. माझं काम बिघडलं तरच लोकांना माझं नाव आठवतं, आणि ते सहसा बिघडत नाही. संध्याकाळी वेळेवर घरी येते. झोप उत्तम लागते. सर अजून लातूरलाच आहेत, बीपीची गोळी वाढलीय, असं वहिनी सांगतात. त्यांना काय हवं होतं ते बघून मला तेव्हा त्यांची कीव आली होती. हल्ली दिवसचे दिवस जातात, कोणी मला हाक मारत नाही, आणि संध्याकाळी पर्स उचलून निघताना मी उगाच सगळ्या ऑफिसला विचारते, "काही अडलंय का कुणाचं?"

"नाही मॅडम," ते म्हणतात, "जा तुम्ही."